कानशीचा जुलै

जुलै लागला की आमच्या नागपुरात कूलर बिनकामाचे होतात. मे महिन्यात ज्या हवेनं जीव राखला, तीच हवा आता ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. कूलरच्या जाळ्या काढून लोक गच्चीवर टाकून देतात. आभाळ भरून येतं, तसंच उभं राहतं, आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाचा घाम काही वाळत नाही. नेमक्या याच दिवसांत आमच्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेचा सराव चालतो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. चोवीस वर्षं झाली. सरावाच्या दिवसांना एक आवाज असतो. पुस्तकात ज्या हत्याराला कानस म्हणतात, त्याला आमची मुलं फाईल म्हणतात. वीस बाकांवर वीस फाईली एकदम चालू लागल्या की पत्र्याच्या छपराखाली एक खरखर भरून राहते. सुरुवातीला ती विस्कटलेली असते. कोणी घाईत, कोणी कंटाळून, कोणी शेजाऱ्याशी बोलत घासतो. पण आठ-दहा दिवसांत, मुलं कामाला लागली असतील तर, त्या खरखरीला एक ठेका येतो. तो ठेका ऐकण्यासाठी मी वर्षभर थांबत असे. घरी बायको म्हणायची, "तुमचा जुलै आला वाटते, चेहऱ्यावर दिसून राहिलं."

या जुलैत पटावर वीस नावं आहेत आणि बाकांवर नऊ जण. ते नऊही आपापल्या वेगानं घासतात. मी मधून फिरतो. "कोपर आत घे. पुढे जाताना दाब, मागे येताना सोड." एवढं सांगतो. पूर्वी याच्या पुढे माझं एक वाक्य ठरलेलं असायचं : "हात तयार झाला की माणूस कुठंच अडत नाही." ते वाक्य मी आता म्हणत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत मी ते सगळ्यात जास्त वेळा म्हणालो होतो.

त्या बॅचमध्ये वैशाली रामटेके होती. कुहीच्या पुढच्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या बसनं यायची. किडकिडीत पोरगी, घट्ट बांधलेली वेणी, निळा एप्रन अंगाला दोन माप मोठा. बॅचमध्ये सुरुवातीला दोन मुली होत्या. दुसरी पहिल्याच वर्षी लग्न होऊन गेली, त्यामुळे अठरा-एकोणीस पोरांत ही एकटी उरली. पोरं तिला पहिले सहा महिने हसली. मग हसायची थांबली, कारण तिचा जॉब त्यांच्या जॉबशेजारी ठेवला की हसण्यासारखं काही उरायचं नाही.

आमच्याकडे मुलं जो लोखंडी तुकडा घडवतात त्याला जॉब म्हणतात. परीक्षेचा जॉब दोन पट्ट्यांचा असतो. एका पट्टीत चौकोनी खाच करायची, दुसऱ्या पट्टीवर त्या खाचेत बसणारा दात. दोन्ही एकमेकांत घालून खिडकीकडे धरायच्या. मधून उजेड दिसला तर काम कच्चं. पट्टी उलटी करून घातली तरी तशीच बसली पाहिजे. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की केसाइतक्या फरकासाठी माणूस दोन दिवस घासत राहतो.

आणि जुलैत एक वेगळंच संकट. बोटांना घाम असतो. संध्याकाळी चकचकीत करून ठेवलेल्या लोखंडावर सकाळी बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. गंज. मुलं शिव्या देत ते पुन्हा घासायची आणि माप हुकवायची. वैशाली तिच्या पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढायची आणि जाताना जॉबवर हलका हात फिरवून, जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. मी तिला ते शिकवलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये ऑइल आणि लोखंडाच्या किसाचा जो कडवट वास असतो, त्यात तिच्या बाकाजवळ तेवढा खोबरेलाचा वास यायचा.

एका दुपारी तिचा जॉब मी खिडकीकडे धरला. मला काही दिसलं नाही. "झालं," म्हटलं, "ठेव आता."

तिनं तो माझ्या हातून घेतला, डोळ्याजवळ नेला, थोडा तिरपा केला. "नाही सर. डाव्या कोपऱ्यातून उजेड अजून जाऊन राहिला."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जात होता.

त्याच बॅचमध्ये पंकज होता, वाठोड्याचा. हुशार पण बाकावर बूड न टिकणारा. त्याला आळशी म्हणणं सोपं होतं आणि मी ते म्हणायचो. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर रागावलो तेव्हा त्यानं फाईल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "काहून घासू सर एवढं? कंपनीत कोणी फाईल घेऊन बसते का? सगळं मशीन करते. माझा मामेभाऊ फिटर झाला दोन वर्षं घासून. तो आज पाण्याच्या कॅन पोहोचवून राहिला घरोघरी."

पोरं हसली. मग थांबली, आणि सगळी माझ्याकडे पाहू लागली. ती उत्तरासाठी पाहत होती, हे मला तेव्हा कळलं होतं.

मी उत्तर दिलं. माझ्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात चांगलं भाषण असेल. मी म्हणालो, मशीन बिघडलं की मशीन मशीनला दुरुस्त करत नाही, तिथं माणूस बोलवावा लागतो. मी म्हणालो, माझं पाहा. मी तुमच्यासारखाच इथं घासत होतो. परीक्षेच्या दिवशी एका कारखान्याचे फोरमन आले, त्यांनी माझा जॉब हातात घेतला, उजेडाला धरला, आणि म्हणाले, सोमवारी ये. ना ओळख, ना चिठ्ठी. हाताची ओळख हीच ओळख. हात तयार झाला की माणूस कुठंच अडत नाही.

हे सगळं खरं होतं. तो फोरमन खरा, तो सोमवारही खरा. मी एवढंच सांगितलं नाही की तो कारखाना नऊ वर्षांनी बंद पडला आणि म्हणून मी मास्तर झालो. त्या फाटकावर नंतर कुलूपही राहिलं नाही, कारण आत चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या आयुष्यात एकदा घडलेली गोष्ट मी मुलांना नियम म्हणून शिकवत होतो.

पण भाषणाचा परिणाम झाला. दुसऱ्या दिवसापासून मुलं लवकर येऊ लागली. चार वाजता सुटी व्हायची तरी साडेपाचपर्यंत थांबायची. घामानं एप्रन पाठीला चिकटलेले, डोक्याला रुमाल बांधलेले, आणि सगळ्या वर्कशॉपला तो ठेका आलेला. पंकजसुद्धा चार दिवस घासत होता. पाचव्या दिवशी आला नाही. परीक्षेलाही आला नाही. त्यानं पार्सल पोहोचवण्याचं काम धरल्याचं मुलांनी सांगितलं. मी म्हणालो, "ज्याच्यात उमेद नाही त्याला कोण काय करणार?" आणि त्याच्या नावापुढे लाल शाईनं गैरहजर लिहिलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वैशालीची आई आली. तिच्या गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. शाळेतून रजा काढून, नीट इस्त्रीची साडी नेसून आली होती. वर्कशॉपच्या दारात चपला काढायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "ताई, राहू द्या, इथं खाली लोखंडाचा कीस असतो, पायात जाईल."

ती उभीच राहिली. बसायला दिलेल्या स्टुलावर बसली नाही. म्हणाली, "सर, एक विचारायले आली. वैशालीले स्थळ आलं आहे. भिवापूरचं. पोराचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, घर चांगलं आहे, काही मांगून नाही राहिले. ते म्हणतात दिवाळीच्या आत करून टाका. पोरगी म्हणते, मी नाही करत, मले कंपनीत फिटर व्हायचं आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत : "मले तर काही समजत नाही यातलं. ते दोन वर्षांपासून लोखंड घासून राहिली, एवढंच मले दिसते. तुम्ही सांगा. तुमच्या भरोशावर आहे. हो म्हणू का थांबू?"

पलीकडच्या बाकावर वैशाली घासत होती. आमच्याकडे पाठ होती तिची, पण तिची फाईल थांबलेली मला ऐकू आली.

मी म्हटलं, "थांबा ताई. असा हात मी एवढ्या वर्षांत पाहिला नाही. हिला कोणी नाही म्हणणार नाही."

फाईल पुन्हा चालू झाली. आई म्हणाली, "मंग ठीक आहे." एवढंच. मला वाटलं होतं ती अजून काही विचारेल, काय मिळेल, कुठं मिळेल, कधी मिळेल. तिनं काहीच विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर ती बस पकडायला निघून गेली.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयानं माझ्यापेक्षा मोठे होते. दिवसभर एकेक जॉब उचलून, उजेडाला धरून, खाली ठेवत गेले. वैशालीचा जॉब त्यांनी धरला, उलटा घालून धरला, पुन्हा सुलटा केला. "कोणाचा आहे हा?"

तिनं हात वर केला. बोटं काळी, त्यांवर जखमेला लावायच्या पट्ट्या.

"पोरी, तू कोणाच्या हाताखाली शिकली?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. मला भरून आलं, हे कबूल करायला हरकत नाही. माणूस मास्तर होतो तो अशाच एखाद्या क्षणासाठी. त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना उकाड्याचंही काही वाटलं नाही.

मग भरती मेळावा झाला. मंडपात टेबलं, टेबलांवर कंपन्यांचे फलक. बुटीबोरीच्या एका कंपनीच्या टेबलाशी मी मुद्दाम तिच्यामागे उभा राहिलो. टेबलावरचा तरुण मुलगा नम्र होता. मी तिचे मार्क सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "हो हो सर, छान." तिला त्यानं चार प्रश्न विचारले : तब्येत ठीक आहे का, आठ तास उभं राहता येईल का, बुटीबोरीत खोली करून राहशील का, घरचे पाठवतील ना. लोखंडाबद्दल एकही नाही. मला ते थोडं खटकलं. पण त्यानं नाव लिहून घेतलं, "शिकाऊ उमेदवार, फिटर" असा कागद दिला, आणि त्या कागदावर फिटर हा शब्द छापलेला पाहून मी बाकी सगळं विसरलो. वैशालीनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी वहीत, वही दप्तरात.

भिवापूरच्या स्थळाला नकार कळवला गेला.

जानेवारीत मी बुटीबोरीला गेलो. आमची पाच मुलं त्या कंपनीत होती, त्यांची विचारपूस करायची असं कारण काढलं होतं. खरं कारण हे की मला वैशालीला मशीनजवळ उभं असलेलं पाहायचं होतं. हवा थंड होती, ऊन कोवळं होतं, गेटवरच्या माणसानं मला आदरानं आत सोडलं. मी मेंटेनन्सच्या खोलीत गेलो, तिथं ती नव्हती. मशीन शॉपमध्ये नव्हती. मग कोणीतरी मला मागच्या शेडमध्ये नेलं.

एका लांब पट्ट्यावरून खोकी सरकत येत होती. दोन्ही बाजूंना पोरी उभ्या होत्या, डोक्यावर जाळीच्या टोप्या, हातात चिकटपट्टी. खोकं आलं की झाकण दुमडायचं, पट्टी ओढायची, लेबल लावायचं. खोकं गेलं, दुसरं आलं. टोप्यांमुळे मला ती आधी ओळखू आली नाही. तिनं मला ओळखलं. एकदा पाहिलं आणि मान खाली घातली, आणि पुढचं खोकं ओढलं.

चहाच्या सुटीत ती बाहेर आली. आम्ही भिंतीच्या कडेला उभे राहिलो.

"किती दिवसांपासून इथं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून सर."

"बोलली नाहीस कोणाला?"

"दोनदा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणते, अप्रेंटिस आहे, जिथं गरज आहे तिथं उभी राहशील. मी म्हटलं, रविवारी येते, मले नुसतं पाहू द्या मशीनवर. तर हसले." मग माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "पोरांलेही काही वेगळं नाही देऊन राहिले सर. ते गोदामात आहेत. मी एकटीच नाही."

"घरी सांगितलं?"

"आईले सांगितलं फिटर आहे म्हणून." तिनं ग्लास खाली ठेवला. "तुम्ही नका सांगू सर."

मी तडक ऑफिसात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावं लागतं. मी म्हटलं, ती मुलगी परीक्षेत पहिली आलेली आहे, तिला पॅकिंगला काय म्हणून लावलं? तो म्हणाला, "सर, राग नका मानू. मेंटेनन्समध्ये आमचे चार जुने लोक आहेत, त्यांनाच काम पुरत नाही. मशीन बिघडलं तर ज्यांचं मशीन त्यांचा माणूस पुण्याहून येतो, सील तोडायची आम्हालाही परवानगी नाही. आम्हाला वर्षभर हात पाहिजेत. तुम्ही दरवर्षी पाठवता, आम्ही दरवर्षी घेतो. वर्ष संपलं की नवीन. तुमच्याही कागदावर इतक्या मुलांना संधी मिळाली असं लिहून येतं. कोणाचंच नुकसान नाही यात."

मला काहीतरी कडक बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "तिचा जॉब तुम्ही एकदा पाहायला पाहिजे होता."

"नक्कीच चांगला असेल सर," तो म्हणाला.

आणि पुढच्या जुलैत मी काय केलं? तेच भाषण दिलं. आवाज थोडा खाली आला असेल. फोरमनची गोष्ट सांगितली, हात तयार करायला सांगितलं, आणि मेळाव्याच्या दिवशी त्याच टेबलापुढे नवी मुलं रांगेत उभी केली. मला माहीत असून. वर्गात उभं राहिल्यावर दुसरं काही सांगता येत नाही, हे माझं कारण. समोर वीस पोरं पाहत असतात, हातात फाईल असते, दोन वर्षं काढायची असतात. त्यांना काहीतरी सांगावंच लागतं. उमेद नाही म्हणून आपण मुलांना बोल लावतो. मला आता वाटतं, पंकजसारख्या मुलांमध्ये उमेद कमी नव्हती, त्यांची नजर चांगली होती. माझ्यापेक्षा आधी त्यांना दिसत होतं. आणि जिनं माझ्यावर विश्वास ठेवला, मन ओतून काम केलं, तीच सगळ्यात जास्त पडली, कारण तीच सगळ्यात उंच चढली होती. तिला मी चढवलं होतं.

वर्ष संपलं. वैशालीला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं की तिनं फिटरचं एक वर्षाचं प्रशिक्षण घेतलं. ते घेऊन ती अनेक गेटांवर गेली. कुठं म्हणाले अनुभव पाहिजे. कुठं म्हणाले पोरी घेत नाही. सरकारी कारखान्याची जागा निघाली तेव्हा तिनं माझ्याकडून पुस्तकं नेली, आठ महिने अभ्यास केला, परीक्षा दिली. यादीत नाव आलं नाही. दुसऱ्या खेपेला आलं, पण प्रतीक्षायादीत. प्रतीक्षायादी पुढे सरकलीच नाही. शेवटी ठेकेदारामार्फत ती बुटीबोरीत परतली, दुसऱ्या कंपनीत, पुन्हा पॅकिंगवर. भिवापूरच्या मुलाचं लग्न केव्हाच झालं होतं. लग्न झालं असतं तर तिचं भलं झालं असतं, असं मला म्हणायचं नाही. ते कोणाला माहीत? पण ठरवायचं त्या मायलेकींनी होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली.

मागच्या दिवाळीआधी मी इतवारीत भांडी बाजारात गेलो होतो. त्या गल्लीत हातगाडी, टेम्पो आणि माणूस एकाच वेळी निघू पाहतात आणि कोणीच निघत नाही. अशा कोंडीत एका टेम्पोतून हाक आली, "पौनीकर सर!"

पंकज होता. अंगानं भरलेला, दाढी ठेवलेली. खाली उतरून पाया पडला. मला ओशाळल्यासारखं झालं.

"काय करतोस?"

"हाच टेम्पो आहे सर. शेटचा आहे, मी चालवतो. सकाळी इथून माल भरायचा, दिवसभर पोहोचवायचा." मागून हॉर्न वाजत होते, त्याला घाई नव्हती. "सर, आपल्या बॅचची वैशाली कुठं आहे हो आता?"

"बुटीबोरीला."

"फिटर?"

मी म्हटलं, "हो."

त्याचा चेहरा उजळला. "मले वाटलंच होतं! आपलं तर काही झालं नाही सर, पण तिचा हात होताच तसा. एकाचं तरी झालं." आणि हसत हसत टेम्पोत चढला.

मी त्या गर्दीत उभा राहिलो. ज्या मुलाला मी उमेद नाही म्हणून लाल शाईनं गैरहजर ठरवलं होतं, त्यानं जपून ठेवलेला एवढासा भरोसा मी खोटं बोलून तसाच राहू दिला. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

यंदाच्या जूनमध्ये, प्रवेश सुरू असताना, वैशाली वर्कशॉपमध्ये आली. जेवणाची सुटी होती. बरोबर तिची धाकटी बहीण रोशनी, नुकतीच बारावी झालेली, हातात फाईल घट्ट धरलेली, ही कागदांची फाईल. वैशालीची बोटं मी पाहिली. चिकटपट्टीच्या धारेनं पेरापेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या.

"आई कशी आहे?"

"बरी आहे सर. तुमचं नाव काढते नेहमी. म्हणते, सरांनी सांगितलं म्हणून पोरगी शिकली." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगा हिले. माझं नाही ऐकून राहिली."

"काय सांगू?"

"फिटरले नको येऊ म्हणून. हिनं फॉर्ममध्ये एकच ट्रेड टाकला आहे. मी सरावाचे जॉब घरी नेले होते ना, ते पाहून पाहून हिच्या डोक्यात बसलं आहे."

रोशनी आतापर्यंत बाकांकडे पाहत होती. माझ्याकडे वळली. "सर, ताईचा जॉब सगळ्यात चांगला होता ना?"

"हो."

"खरंच?"

"चोवीस वर्षांत मी तसा पाहिला नाही."

"मंग काहून नाही लावलं तिले फिटरच्या कामावर?"

मी म्हटलं, "तिथं ते काम नाही बेटा. आहे तेवढं दुसऱ्यांकडे आहे."

"मंग तुम्ही काहून शिकवता?"

"रोशनी, चूप राय वं," वैशाली म्हणाली. पण तीही माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हणालो, दुसरा ट्रेड घे, कॉम्प्युटरचा घे. म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं. वैशाली हळूच म्हणाली, "माझ्या खोलीवरच्या दोघी कॉम्प्युटरच्याच आहेत सर. माझ्या बाजूलेच उभ्या राहतात."

मग मी ते म्हणालो. "येऊ नको बेटा." माझ्या दारात आलेल्या कुणाला, इतक्या वर्षांत, पहिल्यांदा. मला वाटलं होतं की खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. रोशनी रडली नाही, वाद घातला नाही. आपली फाईल छातीशी धरून एकदा वर्कशॉपभर नजर फिरवली, बाकांवर जॉब आवळून धरणाऱ्या, आता रिकाम्या व्हाइस, भिंतीवर टांगलेली हत्यारं, आणि बहिणीच्या आधी बाहेर पडली. वैशाली म्हणाली, "थँक्यू सर." मनापासून म्हणाली.

मागच्या आठवड्यात, दुपारच्या उकाड्यात, नऊ जणांचा सराव चालू असताना तिचा फोन आला. मी ऐकू यावं म्हणून दाराबाहेर गेलो. लाईनवर मागे पट्ट्याचा आवाज येत होता.

"सर, रोशनीले लागलं काम. माझ्याच लायनीवर घेतलं ठेकेदारानं. माझ्यासमोरच उभी राहते."

"काय करते?"

"तेच सर. पॅकिंग." मग मला बरं वाटावं अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते बरं झालं सर. तिचे दोन वर्षं तरी वाचले."

मी म्हटलं, "हाव बेटा. वाचले."